जिवंत माशांच्या छायाचित्रणासाठी वापरलेल्या मॅक्रो लेन्सची निवड

गोड्या पाण्यातील लहान माशांचा अभ्यास करणाऱ्यास एक अडचण नेहमीच भेडसावते. मासा फॉर्मॅलिनमध्ये घातला की त्याचा आकार टिकतो, पण रंग टिकत नाही. कातडीतील लाल व पिवळी रंगद्रव्ये थोड्याच काळात फिकी पडतात, आणि पुढे नमुना मद्यार्कात ठेवला तर उरलीसुरलीही त्यात उतरतात. टिकते ते बहुतांशी काळे रंगद्रव्य. पेथिया टिक्टो या लहान माशाच्या अंगावरील दोन काळे ठिपके बाटलीत अनेक वर्षे दिसत राहतात. विणीच्या दिवसांत नरावर चढणारी लाली मात्र बाटलीत शोधून सापडावयाची नाही. तेव्हा जिवंतपणीचा रंग नोंदवावयाचा तर तो मासा जिवंत असतानाच, पाण्यात असतानाच नोंदविला पाहिजे.

१८३९ साली कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली. खुद्री, कोलस, बोगट अशी कोळ्यांच्या तोंडची नावे त्यांनी शास्त्रीय नावांत जशीच्या तशी घातली, हे प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. त्या काळी जिवंत रंगाच्या नोंदीसाठी चित्रकाराचा हात व वर्णनकाराचा शब्द एवढीच साधने होती. आज ते काम कॅमेरा करू शकतो. परंतु तो ते चांगले करील की नाही हे ज्या लेन्सवर अवलंबून असते, तिच्या निवडीचा विचार आपल्या विभागांतून क्वचितच केला जातो. लेन्स नवी घ्यावी तर अनुदान पुरत नाही. जुनी घ्यावी तर फसवणुकीची भीती वाटते. प्रस्तुत लेखात वापरलेली मॅक्रो लेन्स कोणत्या कसोट्यांवर घ्यावी, याचे विवेचन करावयाचे आहे. त्यातील मुख्य म्हणणे आरंभीच सांगतो : काचपेटीतील माशासाठी लेन्सच्या ज्या गुणांना बाजारात अधिक मोल पडते ते गुण बहुतांशी निरुपयोगी आहेत, आणि जे गुण आवश्यक आहेत ते जुन्या, स्वस्त लेन्समध्ये पुरेपूर आढळतात.

विवेचनास ठोस आधार असावा म्हणून एक परिस्थिती डोळ्यांपुढे ठेवू. अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर गुरुकुंज मोझरी आहे. मोझरी ज्या तिवसा तालुक्यात येते त्याच तालुक्यातील कौंडण्यपूर वर्धा नदीच्या काठी वसलेले आहे. ही नदी पुढे वैनगंगेस मिळून प्राणहिता होते व गोदावरीत जाते. अशा ठिकाणी पकडलेला पाच सेंटिमीटर लांबीचा मासा डब्यातून अमरावतीच्या प्रयोगशाळेत नेला तर धक्क्यांनी व कोंडलेल्या पाण्याने त्याचा रंग वाटेतच उतरतो. म्हणून छायाचित्र नदीकाठी, फार तर मोझरीतील एखाद्या खोलीत, पकडल्याच्या दिवशीच घ्यावे लागते. साहित्य पिशवीत मावेल असे, विजेच्या भरवशावर न राहणारे, आणि हरवले-फुटले तरी विभागाचे वर्षभराचे काम अडणार नाही अशा किमतीचे असले पाहिजे.

पहिला प्रश्न : मासा केवढा?

मॅक्रो लेन्सची ओळख तिच्या वर्धनावरून होते. संवेदकावर पडलेल्या प्रतिमेची लांबी भागिले प्रत्यक्ष वस्तूची लांबी म्हणजे वर्धन. १:१ म्हणजे प्रतिमा वस्तूएवढी. १:२ म्हणजे निम्मी. विक्रेता १:१ या आकड्यावर भर देतो, आणि ग्राहकासही तो आवश्यक वाटतो. परंतु आकडेमोड करून पाहावी.

आपला मासा ५० मि.मी. लांब आहे. पुष्कळ विभागांत जो लहान संवेदकाचा कॅमेरा असतो त्याच्या संवेदकाची रुंदी सुमारे २३.५ मि.मी. असते. भोवती थोडी जागा सोडून माशाची प्रतिमा २० मि.मी. ठेवली तर वर्धन ०.४ झाले. म्हणजे १:२ पर्यंतच जाणारी जुनी लेन्सदेखील येथे पुरेशी आहे. ३६ मि.मी. रुंदीचा पूर्ण आकाराचा संवेदक असेल तर प्रतिमा ३० मि.मी. ठेवावी लागेल व वर्धन ०.६ होईल, मग १:२ ची लेन्स अपुरी पडेल आणि तिच्यामागे विस्तारनळी जोडावी लागेल. लहान संवेदक हा या कामात उणेपणा नसून सोय आहे, हे येथे ध्यानात घ्यावे.

०.४ वर्धनाने सूक्ष्म तपशील मिळतील काय? पेथिया टिक्टोच्या बाजूच्या रांगेत २३ ते २६ खवले असतात. म्हणजे पाच सेंटिमीटरच्या माशात, शेपटीचा पर वगळता, एका खवल्याच्या वाट्याला सुमारे दीड मिलिमीटर येते. संवेदकावर ते ०.६ मि.मी. होते. २३.५ मि.मी. रुंदीत ६,००० बिंदू असलेल्या संवेदकावर एवढ्या अंतरात दीडशेहून अधिक बिंदू बसतात. खवले मोजण्यास हे विपुल आहे. १:१ ची खरी गरज मिशा, ओठांच्या घड्या, किंवा दहा मिलिमीटरच्या पिलांचे चित्रण करावयाचे असेल तेव्हाच पडते.

पाणी व काच

काचपेटीत लेन्स एकटी काम करीत नाही. हवा, काच आणि पाणी या तीन माध्यमांतून प्रकाश येतो, आणि त्यामुळे पेटीची पुढची भिंत ही वस्तुतः आपल्या भिंगसंचाचाच एक भाग बनते. लेन्सचा अक्ष काचेशी काटकोनात असेल तर या भिंतीमुळे विशेष बिघाड होत नाही. तो तिरपा झाला की पाण्याच्या अपस्करणाचा परिणाम दिसू लागतो. पाण्याचा वक्रीभवनांक तांबड्या प्रकाशास सुमारे १.३३१ व निळ्यास १.३३७ आहे. कॅमेरा काचेच्या लंबाशी ३० अंशांनी तिरपा धरला आणि मासा काचेच्या मागे १०० मि.मी. असला, तर तांबडी व निळी प्रतिमा माशाच्या अंगावर सुमारे ०.२ मि.मी. अंतराने सरकलेल्या पडतात. दीड मिलिमीटरच्या खवल्याच्या कडेला ही रंगीत झालर उघड दिसते, आणि जगातील सर्वोत्तम लेन्सही ती दूर करू शकत नाही. तोच मासा काचेपासून २० मि.मी. अंतरावर आणला तर हा दोष पाचव्या हिश्शावर येतो. कॅमेरा काटकोनात धरला तर मध्यभागी तो उरतच नाही.

यावरून पहिला व्यावहारिक निष्कर्ष निघतो. चांगल्या लेन्सआधी चांगली पेटी हवी. चार-पाच मिलिमीटर जाडीच्या स्वच्छ, ओरखडा नसलेल्या काचेची, पुढून मागे अरुंद अशी पेटी स्थानिक काचवाल्याकडून करून घ्यावी. आत एक सुटी काच सरकवून मासा पुढच्या भिंतीजवळ राहील, पण दाबला जाणार नाही, अशी योजना करावी. पाणी त्याच नदीचे, कापडातून गाळून व निवळू देऊन घ्यावे, कारण तरंगणारा प्रत्येक कण फ्लॅशच्या उजेडात पांढरा ठिपका बनतो. काचेवर धरलेले बुडबुडे पिसाने किंवा मऊ ब्रशाने काढावेत. काम काही मिनिटांत आटोपून मासा मोकळ्या पाण्यात सोडावा.

छिद्र, खोली व विवर्तन

आता लेन्सच्या छिद्राकडे वळू. ०.४ वर्धन आणि एफ/११ छिद्र असता, लहान संवेदकासाठी स्वीकार्य असा ०.०२ मि.मी. चा अस्पष्टतेचा व्यास धरून, स्पष्टतेची खोली हवेत सुमारे ३.८ मि.मी. येते, मासा पाण्यात असल्यामुळे ती एक-तृतीयांशाने वाढून ५ मि.मी. च्या आसपास जाते. आपला मासा आठ मिलिमीटर जाड असेल तर कॅमेऱ्याकडील त्याची निम्मी बाजू, म्हणजे चार मिलिमीटर, या खोलीत सामावते. १:१ वर हीच खोली हवेत ०.९ मि.मी. हूनही थोडी कमी होते.

मग छिद्र आणखी लहान का करू नये? याचे उत्तर विवर्तनात आहे. जवळच्या वस्तूसाठी लेन्स पुढे सरकते तेव्हा परिणामी छिद्रांक वाढतो. साधारणतः तो नमूद अंकाच्या (१ + वर्धन) पट असतो. एफ/११ चा येथे सुमारे १५.४ होतो व विवर्तनाचे वर्तुळ ०.०२ मि.मी. चे पडते, म्हणजे आपण गृहीत धरलेल्या मर्यादेवरच. एफ/२२ घेतल्यास ते ०.०४ मि.मी. होईल, आणि खोली वाढविण्याच्या नादात सगळाच मासा धूसर होईल. तात्पर्य, या कामात एफ/८ ते एफ/११ एवढाच पट्टा उपयोगाचा आहे. एफ/२.८ व एफ/४ यांतील फरकासाठी अधिक पैसे मोजणे व्यर्थ होय. शिवाय जुन्या मॅक्रो लेन्स या पट्ट्यात नव्यांच्या फार मागे नसतात.

येथेच ग्राहकाने एक गैरसमज टाळावा. निकॉनचे स्वयंकेंद्री कॅमेरे मॅक्रो लेन्सचा परिणामी छिद्रांक दाखवितात. त्यामुळे एफ/२.८ ची लेन्स १:१ पर्यंत आणली की पडद्यावर एफ/४.८ किंवा त्याजवळचा अंक दिसतो. हा लेन्सचा बिघाड नव्हे. कॅननचे कॅमेरे नमूद अंकच दाखवितात. तेथे प्रकाश प्रत्यक्षात किती घटला याचा हिशेब आपण करावयाचा असतो.

हालचाल, फ्लॅश आणि अनावश्यक सोयी

मासा स्थिर नसतो. तो सेकंदास १०० मि.मी. या संथ गतीने सरकत असला तरी १/२०० सेकंदात अर्धा मिलिमीटर पुढे जातो, आणि ०.४ वर्धनाने संवेदकावर ०.२ मि.मी. चा फराटा उमटतो. फ्लॅश कमी शक्तीवर चालविल्यास त्याची झळक १/५००० सेकंद किंवा त्याहूनही थोडी असू शकते. तेव्हा हा फराटा ०.००८ मि.मी. वर येतो, म्हणजे दिसेनासा होतो. दोन लहान फ्लॅश पेटीच्या दोन्ही बाजूंनी तिरपे, किंवा एक वरून, असे ठेवावेत. लेन्सभोवती मधे भोक पाडलेले काळे कापड किंवा पुठ्ठा धरला की कॅमेऱ्याचे व हातांचे प्रतिबिंब काचेत पडत नाही.

या मांडणीत लेन्समधील कंपनिवारणाची यंत्रणा काही करीत नाही. ती हाताच्या कंपावर उपाय आहे, माशाच्या हालचालीवर नव्हे. आणि येथे दोहोंवरही फ्लॅशच उपाय करतो. स्वयंचलित फोकसचेही तेच. अरुंद पेटीत अंतर ठरलेले असते. हवे ते वर्धन लेन्सवर कायम करून कॅमेरा किंचित पुढे-मागे करीत डोळा स्पष्ट दिसताच कळ दाबणे अधिक खात्रीचे असते. मोठी सार्वजनिक मत्स्यालये, जशी १९५१ साली मुंबईत सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय, यांतील पेट्यांची गोष्ट निराळी. तेथे काच जाड, मासा दूर आणि फ्लॅशला मुभा नसेल तर मोठ्या छिद्राचा व जलद फोकसचा उपयोग होईल. पण ते प्रदर्शनाचे छायाचित्रण. नमुन्याची नोंद नव्हे.

नाभीय अंतर कोणते?

बाजारात बहुधा ५० ते ६० आणि ९० ते १०५ मि.मी. अशा दोन गटांच्या मॅक्रो लेन्स मिळतात. साध्या भिंगाच्या सूत्राने ०.४ वर्धनास ६० मि.मी. ची लेन्स वस्तूपासून सुमारे २१० मि.मी. वर, तर १०० मि.मी. ची ३५० मि.मी. वर असावी लागते. लांब लेन्समुळे फ्लॅशना जागा अधिक मिळते, मासा कमी बिचकतो, आणि चित्राच्या कडेचे किरण काचेवर सुमारे ८ अंशांऐवजी ५ अंशांनीच तिरपे पडतात. आखूड लेन्स हलकी व स्वस्त असते. लहान संवेदक व पाच सेंटिमीटरचे मासे असतील तर दोन्ही चालतात. एकच घ्यावयाची झाल्यास ९० ते १०५ मधील घ्यावी.

या गटांतील काही परिचित लेन्स पाहू. मॅक्रो लेन्सचा आरंभीचा इतिहासही येथे उद्बोधक आहे. ३५ मि.मी. कॅमेऱ्यासाठी सलगपणे जवळ येणारी मॅक्रो-किलार ही लेन्स १९५५ साली निघाली. १९५६ च्या पहिल्या मायक्रो-निक्कोरचा उद्देश जपानी लिपीतील दाट अक्षरे सूक्ष्मपटावर उतरविणे हा होता. सपाट कागद कडेपर्यंत सारखा स्पष्ट उमटविणे हा गुण त्यामुळे या लेन्समध्ये मुळापासूनच जोपासला गेला. आणि काचेलगत सपाट उभा असलेला मासा हाही छायाचित्रणाच्या दृष्टीने जवळजवळ एक कागदच असतो. हातानेच फोकस करावयाच्या मायक्रो-निक्कोर ५५ मि.मी. एफ/२.८ आणि १९७९ ची टॅमरॉन ९० मि.मी. एफ/२.५ या दोन्ही १:२ पर्यंत जातात. निकॉनची १९८९ ची स्वयंकेंद्री ६० मि.मी., टॅमरॉनची १९९६ पासूनची ९० मि.मी. एफ/२.८, कॅननची २००० ची १०० मि.मी. व लहान संवेदकासाठीची २००५ ची ६० मि.मी. या १:१ पर्यंत जातात. २०१८ पासून या दोन्ही कंपन्यांनी आरसाविरहित कॅमेऱ्यांसाठी नवी जोडणी आणल्यावर अनेक व्यावसायिक छायाचित्रकारांनी जुन्या जोडणीच्या लेन्स विकावयास काढल्या. मुंबईच्या फोर्टमधील बोराबाजारासारख्या ठिकाणी त्या हाताळून पाहता येतात.

जोडणीचा विचार मात्र खरेदीपूर्वीच करावा. निकॉनच्या ज्या लेन्स कॅमेऱ्यातील मोटारीवर फोकस होतात, त्या मोटार नसलेल्या स्वस्त कॅमेऱ्यांवर आणि कंपनीच्या एफटीझेड जोडकड्यावर केवळ हातानेच फोकस होतात. त्याहून जुन्या लेन्सवर स्वस्त कॅमेऱ्यांचा प्रकाशमापकही चालत नाही. फ्लॅशची शक्ती हाताने ठरवून पडद्यावर चित्र तपासीत गेल्यास त्यावाचून अडत नाही. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये छिद्र विजेवर चालते. म्हणून विद्युत्संपर्क नसलेल्या साध्या जोडकड्यावर ते बदलताच येत नाही.

लेन्सची तपासणी व वऱ्हाडचे हवामान

वापरलेल्या लेन्समध्ये दोन शत्रू दडलेले असतात : उष्णता व दमटपणा. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. लोखंडी कपाटात किंवा मोटारीत पडलेल्या लेन्सच्या फिरत्या आट्यांतील वंगण पातळ होऊन छिद्राच्या पाकळ्यांवर पसरते. पाकळ्या चिकटल्या की एफ/११ लावूनही छिद्र वेळेवर मिटत नाही व चित्र अकारण पांढरे पडते. वर उल्लेखिलेल्या ५५ मि.मी. एफ/२.८ च्या जुन्या प्रतींविषयी ही तक्रार प्रसिद्धच आहे. म्हणून पाकळ्या उजेडात पाहाव्यात, मागील तरफ बोटाने हलवून त्या तत्काळ उघडतात-मिटतात की नाही हे पाहावे. विजेवर चालणाऱ्या छिद्राची परीक्षा एफ/११ वर लागोपाठ दहा-बारा चित्रे घेऊन करावी. केवळ पूर्ण उघड्या छिद्रावर घेतलेल्या चित्रात हा बिघाड उमगत नाही.

दमटपणाने बुरशी येते. कोकणपट्टीतून आलेल्या लेन्सबाबत सर्वच सावध असतात. परंतु आपल्याकडील कोरड्या उन्हाळ्यातही वाळ्याच्या ताट्यांचा कूलर खोलीतील हवा दिवसभर ओली ठेवतो, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. लेन्सच्या मागून बॅटरीचा झोत टाकून पुढून तिरपे पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसल्यास ती बुरशी. सर्वत्र सारखा धुकट थर दिसल्यास वंगणाची वाफ. कडेला इंद्रधनुष्यी डाग दिसल्यास भिंगे जोडणारा डिंक सुटलेला. या तिन्ही स्थितींत लेन्स नाकारावी. काळ्या पार्श्वभूमीवर चंदा नामासारखा पारदर्शक मासा टिपावयाचा असता किंचित धुकटपणाही त्याचे सौष्ठव नष्ट करतो. उलट, आतील धुळीचे चार कण किंवा पुढच्या भिंगावरील एखादा बारीक ओरखडा यांनी चित्रात फरक पडत नाही. विक्रेत्याशी किंमत उतरविण्यास मात्र ते उपयोगी पडतात. मागील भिंगावरील ओरखडा अधिक घातक असतो.

शेवटची परीक्षा पाण्यातच व्हावी. शक्य असल्यास लेन्स परत करण्याची मुदत मागून घ्यावी व आपली पेटी पाण्याने भरून आतील सुट्या काचेवर आलेखकागदाचा तुकडा लावावा. ०.४ वर्धनावर, एफ/८ वर, कॅमेरा काटकोनात ठेवून फ्लॅशने चित्र घ्यावे. चारही कोपरे सारखे स्पष्ट असले तर लेन्स सुस्थितीत आहे. एकच कोपरा किंवा एकच बाजू धूसर असली तर कॅमेरा उलटा करून पुन्हा चित्र घ्यावे : धूसर भाग चित्राच्या त्याच बाजूस राहिला तर लेन्सची भिंगे अक्षावरून सरकली आहेत, दुसऱ्या बाजूस गेला तर पेटी किंवा कागद तिरपा आहे. या एका चित्रातून लेन्स, पेटी आणि मांडणी या तिन्हींची परीक्षा होते, आणि रेषांमुळे वर्धनाचे मापही हाती येते.

समारोप

वरील विवेचनावरून खर्चाचा क्रम स्पष्ट होतो. प्रथम स्वच्छ, अरुंद पेटी. नंतर शक्ती कमी-अधिक करता येणारे दोन फ्लॅश. आणि उरलेल्या रकमेत स्वच्छ भिंगांची, मोकळ्या पाकळ्यांची, १:२ पर्यंत तरी जाणारी जुनी मॅक्रो लेन्स. कंपनिवारण, जलद फोकस व मोठे छिद्र यांसाठी एक पैसाही अधिक देऊ नये. विकत घेतलेली लेन्स सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवावी, कपाटात मोकळी नव्हे.

प्रत्येक चित्राबरोबर स्थळ, दिनांक, लांबी, वर्धन, आणि नमुना जतन केला असल्यास त्याचा क्रमांक लिहून ठेवावा. क्रमांक नसलेले चित्र कितीही सुंदर असले तरी अभ्यासास निरुपयोगी ठरते. कौंडण्यपूरच्या डोहात आज दिसलेला मासा पुढील पावसाळ्यानंतर तेथे दिसेलच असे नाही. आणि बाटलीतील नमुना त्याचा रंग सांगणार नाही. तो रंग पुढच्या अभ्यासकाच्या हाती देण्याची संधी दिवसभरात काही मिनिटांचीच असते. त्या काही मिनिटांत पाकळ्या चिकटू नयेत, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप.